जुलियन बेरी नावाचा इटालियन

१९६३ सालच्या 'द व्हिप अँड द बॉडी'ची श्रेयनामावली वाचली, तर सिनेमा इंग्रजांनीच केलाय असं वाटतं. दिग्दर्शक जॉन एम. ओल्ड, पटकथाकारांत जुलियन बेरी. खरं तर पहिला मारिओ बावा आणि दुसरा एर्नेस्तो गास्ताल्दी. दोघेही अस्सल इटालियन.

नावं लपवण्याचं कारण धंद्याचं होतं. १९५७ मध्ये दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदाचा 'ई व्हॅम्पिरी' हा भयपट आपटला. फ्रेदा सांगायचा, की सान रेमोच्या थिएटरबाहेर लोक पोस्टर बघून थांबत आणि खाली इटालियन नाव दिसलं की चालू लागत. भुताखेतांचा सिनेमा करावा तो इंग्रज-अमेरिकनांनीच, ही पक्की समजूत! मग फ्रेदा रॉबर्ट हॅम्पटन झाला.

पिएमाँतेतल्या ग्राल्या गावी १९३४ साली जन्मलेला गास्ताल्दी रोमच्या चित्रपटशाळेत शिकला आणि नेमका याच काळात लिहू लागला. व्हॅम्पायर, पडके किल्ले, मेलेल्या बायका, सगळं त्याने लिहिलं. निर्माते परदेशी हिट सिनेमा दाखवून 'असंच काहीतरी दे' म्हणत, आणि तो देई. पण त्याचा जीव रमायचा तो माणसांच्या कारस्थानात. १९६५चा 'लिबिदो' त्याने व्हित्तोरिओ सालेर्नोबरोबर स्वतः दिग्दर्शित केला. त्यात भूत नाही. आहे ती आरशांची खोली आणि तिथे लहानपणी बापाला खून करताना पाहिलेला मुलगा.

मोन्दादोरी ही प्रकाशनसंस्था १९२९पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात छापत असे, म्हणून इटलीत अशा कथांना 'जाल्लो', म्हणजे पिवळा, म्हणतात. १९७० नंतर पडद्यावर त्यांची लाट आली आणि गास्ताल्दीला हवं ते मैदान मिळालं. दिग्दर्शक सेर्जिओ मार्तिनोसाठी त्याने तीन वर्षांत पाच जाल्लो लिहिले. त्यातला पहिला, १९७१चा 'मिसेस वॉर्ध', बघाच. (शेवट कळू नये असं वाटत असेल, तर पुढची तीन वाक्यं सोडा.) व्हिएन्नात वस्तरा घेऊन फिरणारा खुनी सिनेमा संपायच्या कितीतरी आधी मरतो. आपण सुटकेचा श्वास सोडतो, पण नायिकेच्या मागचं संकट सुटत नाही, कारण त्या खुन्याच्या आडून तिच्या जवळच्याच पुरुषांनी वेगळा डाव मांडलेला असतो. मला ही रचना किल्ल्यातल्या कुठल्याही भुतापेक्षा जास्त हादरवते.

या सिनेमावर त्याचं खरं नाव आहे. १९७३ साली सेर्जिओ लिओनेच्या कल्पनेवरून 'माय नेम इज नोबडी' आला, हेन्री फोंडा आणि टेरेन्स हिल असलेला. त्याच्याही श्रेयनामावलीत पटकथेपुढे स्वच्छ लिहिलंय : एर्नेस्तो गास्ताल्दी.