येऊरच्या धुळीतील पाऊलखुणा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहतींमध्ये अधूनमधून एखाद्या ठशाचे छायाचित्र मोबाइलवर फिरू लागते आणि ‘रात्री आवारात बिबट्या येऊन गेला’ ही बातमी तासाभरात सगळ्या इमारतींत पोहोचते. माझ्याकडे आलेल्या अशा शेवटच्या छायाचित्रात चारही बोटांच्या पुढे नखांचे टोकदार खळगे स्वच्छ उमटले होते. तो ठसा कुत्र्याचा होता. बिबट्या येतच नाही, असे मुळीच नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची पूर्वेकडची कड येऊरच्या डोंगरांच्या रूपाने थेट शहराला येऊन भिडते आणि बिबट्या हा त्या जंगलाचा कायमचा रहिवासी आहे. म्हणूनच आपल्या शेजारून नेमके कोण गेले हे ओळखता येणे मला फार मोलाचे वाटते.

मार्जार कुळातील प्राण्यांची नखे लवचीक अस्थिबंधांमुळे एरवी आत ओढलेली राहतात आणि भक्ष्य धरताना किंवा झाडावर चढतानाच स्नायूंच्या ओढीने बाहेर येतात. त्यामुळे मांजरापासून बिबट्यापर्यंत कोणाच्याही चालीच्या ठशात नखे सहसा दिसत नाहीत, तर कुत्र्याची नखे कायम बाहेर असल्याने ती दिसतात. मात्र निसरड्या चिखलात तोल सावरताना बिबट्याही नखे रोवतो. तेव्हा केवळ नखांवर विसंबू नये आणि तळव्याची गादी पाहावी. बिबट्याची गादी बोटांच्या मानाने मोठी असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन गोलाकार फुगवटे असतात. कुत्र्याची गादी त्यापेक्षा लहान आणि त्रिकोणी दिसते. बोटांची मांडणीही निराळी असते. कुत्र्याची मधली दोन बोटे एका रेषेत, जोडीने पुढे असतात. बिबट्याचे मात्र त्यांतले एक बोट, आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखे, किंचित पुढे सरकलेले असते, आणि त्यावरून ठसा डाव्या पायाचा की उजव्या हेही सांगता येते. बिबट्याच्या पुढच्या पायाला पाच बोटे असली तरी पाचवे वर राहत असल्यामुळे मातीत चारच उमटतात. पाच बोटे आणि लांब नखे दिसली, तर मुंगसाचा विचार आधी करावा.

खुरांचे ठसे तुलनेने सोपे. सांबर, चितळ आणि भेकर या तिघांचे खूर दुभंगलेले व पुढे निमुळते असतात आणि फरक मुख्यतः आकाराचा असतो: सांबराचा ठसा सर्वांत मोठा, तर भेकराचा जेमतेम दहा रुपयांच्या नाण्याएवढा. हे नाणे २७ मिलिमीटर रुंदीचे असल्यामुळे छायाचित्र काढताना ते ठशाशेजारी ठेवावे. मापाशिवाय काढलेल्या छायाचित्रावरून जाणकारालाही फारसे सांगता येत नाही. रानडुकराच्या खुरांमागे दोन लहान बाजूचे खूरही बहुधा उमटतात.

ठसे शोधायला सकाळची वेळ उत्तम, कारण तिरप्या उन्हात उथळ खळग्यांनाही सावली पडते. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये राहील असे उभे राहिले की डोळ्यांना न दिसलेल्या कडा एकदम उठून दिसतात. माघ-फाल्गुनात येऊरच्या पायवाटांवर पिठासारखी मऊ धूळ साचते, तेव्हा हा अभ्यास सर्वांत चांगला होतो. अर्थात वनखात्याने मोकळ्या ठेवलेल्या वाटांवरच आणि ठरलेल्या वेळांतच. अशाच एका सकाळी मला बिबट्याचा ठसा मिळाला होता. त्याच्या कडा अजून धारदार होत्या, पण गादीच्या खळग्यातून एका भुंगेऱ्याच्या पायांची बारीक, दुहेरी शिवण आडवी गेली होती. म्हणजे बिबट्या आधी गेला आणि भुंगेरा नंतर. त्याच्या पुढच्या पंजाच्या रुंद ठशावर मागच्या पंजाचा निमुळता ठसा जवळपास बसलेला होता. निवांत चालीत मागचा पाय पुढच्याच्या जागी किंवा थोडा पुढे पडतो, त्यामुळे तो घाईत नव्हता, हेही कळले. मी तिथे बराच वेळ बसून राहिलो.

ठसा किती सांगू शकतो याला मर्यादाही आहे, आणि ती आपल्या देशाला महागात पडून कळली. १९७२ साली देशभरात झालेली वाघांची गणना पंजांच्या ठशांवर आधारलेली होती आणि पुढे अनेक वर्षे हीच पद्धत चालली. काचेवर ठसा गिरवून किंवा प्लास्टरमध्ये साचा घेऊन प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो, असे त्यामागचे गृहीत होते. पण एकाच पंजाचा ठसा धुळीत, चिखलात आणि उतारावर निरनिराळा उमटतो. २००५ साली राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाल्यावर ही पद्धत मागे पडली आणि आता अंगावरच्या पट्ट्यांवरून किंवा ठिपक्यांवरून कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून जाताच आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, छायाचित्रांत प्राणी ओळखले जातात. तेव्हा ठशावरून जात सांगावी, ‘हा कालचाच बिबट्या’ असे म्हणू नये.

येऊरच्या पाड्यांवर राहणाऱ्या वारली कुटुंबांतील जुन्या माणसांना हे वाचन पुस्तकाशिवाय येते. या समाजात वाघोबा हा देव आहे, आणि बिबट्याही त्यांच्या बोलण्यात बहुधा ‘वाघ’च असतो. त्यांच्यापैकी कोणाबरोबर अर्धा तास वाट चालली, तर मोडलेली काडी, उकरलेली माती आणि झाडाच्या सालीवरचे ओरखडे हे सारे ठशाला जोडून कसे पाहायचे ते समजते.

डोंगर दूर असलेल्या नवी मुंबईकरांसाठी ऐरोलीकडची खाडी आहे. तिथल्या कांदळवनात सोनेरी कोल्हा राहतो. त्याचा ठसा कुत्र्यासारखाच, पण अरुंद आणि लांबट असतो; पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जुळलेल्या असतात, आणि चिखल चांगला असेल तर तो जोडही दिसतो. भटका कुत्रा रेंगाळत, वळणे घेत जातो. कोल्ह्याची माग मात्र बहुधा सरळ रेषेत पुढे जाते. धुळीतल्या ठशाचे वय अंदाजाने ठरवावे लागते, पण इथे ते काम खाडीच करते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे प्रत्येक भरतीत बुडणाऱ्या चिखलावर ओहोटीच्या वेळी कोल्ह्याचा ठसा दिसला, तर पाणी मागे सरल्यावर, अवघ्या काही तासांपूर्वी, तो तिथून गेलेला असतो.