रातांधळेपणा, शिंगरांतील जन्मजात

मंद उजेडात व अंधारात न दिसणे, हा घोड्यांतील एक आनुवंशिक दृष्टिदोष. तो जन्मापासून असतो आणि वयाबरोबर वाढत नाही. ठिपकेदार अंगाच्या जातींत, विशेषतः अमेरिकेतील ॲपलूसा व डेन्मार्कमधील नाबस्ट्रुपर यांत तो आढळतो. दिवसा अशा शिंगराची नजर बहुधा चांगली असते व डोळा तपासल्यावरही निकोप वाटतो. त्यामुळे पुष्कळदा एखाद्या रात्री शिंगरू कुंपणात अडकून जखमी झाल्यावरच दोष ध्यानात येतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे रातांधळेपण यापेक्षा वेगळे. ते आहार सुधारल्यावर हटू शकते. जन्मजात दोषावर उपचार नाही.

कारण : मंद प्रकाश टिपणाऱ्या दृष्टिपटलातील दंडाकार पेशी या शिंगरांत शाबूत असतात, पण त्यांचा संदेश पुढील द्विध्रुवी पेशींपर्यंत पोचत नाही. ॲपलूसांतील या दोषाचे वर्णन १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाले. दृष्टिपटलाच्या विद्युत् आलेखात, डोळा अंधाराला सरावल्यानंतर, ‘ए’ लहर (दंडाकार पेशींची) उमटते आणि ‘बी’ लहर (द्विध्रुवी पेशींची) उमटत नाही. त्यावरून बिघाड संदेशवहनात असावा असा तर्क तेव्हाच करण्यात आला होता. २००७ मध्ये दोषाचा संबंध ‘एलपी’ या ठिपक्यांच्या जनुकाशी जोडला गेला. आई व बाप दोघांकडून एलपी मिळालेली, म्हणजे समयुग्मजी, शिंगरे रातांधळी असतात. एकाकडूनच मिळालेली नसतात.

रंगाचे व नजरेचे जनुक एकच, की शेजारशेजारची दोन, हा प्रश्न काही वर्षे खुला होता. २००८ मध्ये समयुग्मजी घोड्यांच्या दृष्टिपटलात टीआरपीएम-१ या जनुकाचे कार्य जवळजवळ थांबलेले आढळले. २०१३ मध्ये रेबेका बेलोन व सहकाऱ्यांनी या जनुकात घुसलेला, विषाणुजन्य मूळ असलेला १,३७८ आधारक-जोड्यांचा (डीएनएच्या घटक-जोड्यांचा) तुकडा दाखवून दिला; हा तुकडा म्हणजेच एलपी. टीआरपीएम-१ रंगपेशींतही काम करते व द्विध्रुवी पेशींतही. त्यामुळे एकाच जनुकाचे हे दोन परिणाम, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अंगभर ठळक ठिपके असलेला घोडा बहुधा विषमयुग्मजी, म्हणजे एकाकडूनच एलपी मिळालेला, असतो व त्याला रात्री नीट दिसते. उलट ज्याच्या पांढऱ्या अंगावर ठिपके जवळपास नसतातच, तो समयुग्मजी असण्याचा संभव मोठा. तथापि ठिपक्यांचा विस्तार इतर जनुकांवरही अवलंबून असल्याने केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये. मराठीत ज्याला अबलख म्हणतात त्या मोठ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रंगाचा एलपीशी संबंध नाही.

प्राचीनत्व : फ्रान्समधील पेश मेर्ल गुहेतील ठिपकेदार घोड्यांची चित्रे सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची मानतात. ती प्रत्यक्ष पाहून काढली की ते ठिपके प्रतीकात्मक आहेत, यावर दीर्घकाळ मतभेद होता. २०११ मध्ये माणसाळवण्यापूर्वीच्या ३१ घोड्यांच्या अवशेषांतील डीएनए तपासला असता ६ नमुन्यांत एलपी आढळले. यामुळे प्रतीकाचा पक्ष खोडला गेला असे नाही, पण असे घोडे चित्रकारांच्या परिसरात असणे आता शक्य कोटीतले ठरते. शिकारी प्राण्यांच्या मुलखात रातांधळी जनावरे टिकली कशी? हिमाच्छादित प्रदेशात पांढुरक्या अंगाचे संरक्षण मिळत असावे, हे एक अनुमान. पाळीव काळात, कांस्ययुगाच्या आरंभी, काही ठिकाणी या रंगाला पसंती दिसते. पुढे तो घटतो व लोहयुगाच्या सुमारास पुन्हा आढळू लागतो. या चढउतारामागे रातांधळेपणाचा अनुभव असावा, असे काही अभ्यासक सुचवतात.

निदान : आयाळीच्या वा शेपटीच्या मुळांसह उपटलेल्या केसांवरून एलपीची डीएनए चाचणी होते; विद्युत् आलेखाने खात्री करता येते. डोळ्यांसमोर हात नेल्यावर पापणी मिटण्याची प्रतिक्रिया शिंगरांत साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत तयार होते. तोवर तिच्या अभावावरून शिंगरू आंधळे ठरवणे चूक होय. डोळे वर लावून पाहणे, सांज होताच घोडीला चिकटून राहणे, अंधाऱ्या तबेल्यात शिरताना अडणे ही लक्षणे मोतद्दाराला आधी जाणवतात. त्याचे म्हणणे हट्टी शिंगराची तक्रार समजून सोडून देऊ नये.

संगोपन : शिंगरू सूर्यास्तापूर्वी आत घ्यावे व ठाणात रात्रभर सौम्य दिवा ठेवावा. लख्ख उजेडातून एकदम अंधारात नेऊ नये. दारात थांबू द्यावे. काटेरी तारेचे कुंपण या शिंगराला घातक आहे. त्याऐवजी फळ्यांचे, दिसेल असे कुंपण हवे. चरण्याच्या जागेतील खुंट, खड्डे, लोंबत्या फांद्या काढाव्यात. पाण्याची व चंदीची जागा बदलू नये, कारण अंधारात ते आठवणीवर चालते. घोडीच्या गळ्यात घंटा बांधली तर रात्री आई सापडते. हात लावण्यापूर्वी बोलावे, हा नियम शेतावरील प्रत्येकाने पाळावा. न दिसलेल्या स्पर्शाने दचकलेल्या शिंगराची लाथ हा त्याचा दोष नव्हे. म्होरकीची सवय दिवसाउजेडी लावावी, वाहनात चढवताना आत दिवा असावा. दूध तोडताना, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांच्या सुमारास, घंटा बांधलेला शांत सोबती आधीपासून जवळ असावा. मोठेपणी असा घोडा दिवसाच्या स्वारीला चालतो, संधिप्रकाशात व रात्री त्याच्यावर बसू नये. विकताना हा दोष घेणाऱ्याला सांगणे बंधनकारकच मानावे.

एलपी असलेल्या घोड्यांत डोळ्याच्या आतील वारंवार उद्‌भवणाऱ्या दाहाचा धोकाही अधिक आढळतो, आणि त्याने दिवसाची नजरही जाते. पाणी गळणे, डोळा मिटून धरणे, बुबुळावर धूसरपणा यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे.

प्रजनन : दोन विषमयुग्मजींच्या संकरातून रातांधळे शिंगरू होण्याची शक्यता २५ टक्के, समयुग्मजी व विषमयुग्मजीच्या संकरातून ५० टक्के. समयुग्मजी घोड्याला एलपी नसलेली घोडी दिल्यास प्रत्येक शिंगरात एलपी उतरते आणि एकही रातांधळे निघत नाही.