गच्चीवरचा रेडिओ कोणता घ्यावा? ओएफडीएम की ओएफडीएमए?

टॉवरवरून नेट आणणारी लहर तुमच्या गच्चीवरच्या रेडिओच्या डिशपर्यंत एकाच वाटेने येत नाही. थेट येते, तशीच जिनिंगच्या पत्र्यावर किंवा जलकुंभावर आपटून जराशी उशिराही येते. सगळा डेटा एकाच वाहक लहरीवर भरधाव सोडला, तर हा पडसाद पुढच्या सिंबॉलवर, म्हणजे डेटाच्या पुढच्या तुकड्यावर, चढतो आणि डेटा खराब होतो. म्हणून चॅनलचे बारीक सबकॅरिअर (छोट्या वाहक लहरी) पाडतात, हेच ओएफडीएम. प्रत्येकावर डेटा सावकाश जातो आणि दर सिंबॉलआधी थोडा वेळ राखून ठेवता येतो, तो गार्ड इंटरव्हल.

वायफाय ४ आणि ५ च्या ओएफडीएम रेडिओत सबकॅरिअरमधलं अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ, सिंबॉल ३.२ मायक्रोसेकंदांचा, गार्ड ०.८. तेवढ्या वेळात लहर २४० मीटर जाते. पडसाद थेट वाटेपेक्षा याहून जास्त फिरून आला की त्रास सुरू. वायफाय ६ च्या ओएफडीएमए रेडिओत अंतर ७८.१२५ किलोहर्ट्झ, सिंबॉल १२.८ आणि गार्ड ३.२ पर्यंत. गार्डमध्ये जाणारा वेळ दोन्हीकडे २० टक्केच, पण इथे सवलत ९६० मीटरची! जुन्या रेडिओतला ‘शॉर्ट गार्ड’ (०.४) कागदावर वेग ११ टक्के वाढवतो. एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडांमध्ये असाल तर तो बंदच ठेवा.

ओएफडीएमएमध्ये २० मेगाहर्ट्झचा चॅनल एकाच वेळी ९ जणांत वाटता येतो. यूपीआय, कॉल अशा छोट्या पाकिटांना रांग लावावी लागत नाही. मात्र तुमच्या दोन इमारतींमधली स्वतंत्र लिंक असेल, तर केवळ यासाठी जास्त पैसे घालू नका.

अनेक सबकॅरिअर एकदम वर आले की शक्तीचे उंच शेंडे तयार होतात आणि अ‍ॅम्प्लिफायर ते कापतो. म्हणून पॉवर फुल केल्यावर सिग्नल वाढूनही वेग पडतो. ४जी फोन टॉवरकडे डेटा पाठवताना याच कारणाने एससी-एफडीएमए ही शेंडे कमी ठेवणारी पद्धत वापरतो. पॉवर ३ डीबीने, म्हणजे निम्म्यावर, उतरवून बघा. सिग्नल -५० ते -६५ डीबीएमच्या दरम्यान असला की पुरे.

मॉड्युलेशन (डेटा लहरीवर चढवायची पद्धत) कोणतंही असो, झाडापुढे चालत नाही. ५ किलोमीटरच्या ५.८ गिगाहर्ट्झ लिंकला मध्यावर सरळ रेषेभोवती सगळीकडून किमान ५ मीटर मोकळं हवं. पावसाने या बँडला फारसा फरक पडत नाही. ओल्या कडुलिंबाने पडतो. पावसाळ्यात नेट मंदावलं, तर राउटर बदलण्याआधी गच्चीवर जाऊन टॉवर दिसतो का ते पाहा.