मर्सेनचा ६७ आणि एक एकवीस अंकी संख्या

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही संख्या म्हणजे २ चा ६७वा घात, वजा १. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही, असं अडीचशे वर्षांच्या आसपास पुस्तकात नोंदलेलं होतं, आणि ती मूळ नाही.

मुळात अशा संख्यांकडे लक्ष गेलं ते परिपूर्ण संख्यांमुळे. ६ चे स्वतःखेरीजचे विभाजक १, २, ३. बेरीज पुन्हा ६. २८चंही तसंच. २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मूळ संख्या उरली, तर तिला त्याच्या आधीच्या घाताने गुणून परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने दाखवलं होतं. त्यामुळे खरा शोध सुरू झाला तो कोणता घात चालतो याचा.

१६४४ मध्ये मारें मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने २५७ पर्यंतचे चालणारे घात देऊन टाकले: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. एवढे मोठे आकडे त्याने तपासले असतील, हे त्या काळातही कुणाला पटण्यासारखं नव्हतं.

६७ला पहिला धक्का १८७६ मध्ये एदुआर लुकासने दिला. ही संख्या संयुक्त आहे हे त्याने सिद्ध केलं, पण तिचा एकही अवयव न सांगता! माझ्या मते खरी कमाल इथेच आहे. टाळ्या मात्र दुसऱ्यालाच मिळाल्या.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोलने अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. तो फळ्यापाशी गेला, एका बाजूला घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला हातानेच गुणाकार केला आणि अक्षरही न बोलता जागेवर येऊन बसला, अशी हकीकत सांगतात. थोडं तिखटमीठ लागलंही असेल. त्यामागचे कष्ट मात्र खरे. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव १३४च्या पटीत १ मिळवून आलेलाच असतो. लहान अवयव आहे १३४ × १४,४५,५८० + १. म्हणजे त्या रांगेत एकेक करून शोधत गेलं, तर चौदा लाखांच्याही पुढे जावं लागतं. कोलने वर्गशेषांचा, म्हणजे वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा, आधार घेऊन ही रांग छाटली.

दोनच मूळ अवयव, त्यामुळे ही अर्धमूळ संख्या. न्यूनही आहे, म्हणजे स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी भरते, आणि तीही सणसणीत: ती बेरीज ७,६२,०३,१९,६५,००९, म्हणजे या संख्येचा सुमारे एकोणीस कोटीवा भाग.

मर्सेनला ६१ म्हणायचं होतं, छापताना ६७ झालं, असा एक बचाव केला जातो. ६१चा घात खरंच चालतो; इव्हान पेर्वुशिनने १८८३ मध्ये ते सिद्ध केलं. पण यादीत २५७ही चुकीचा निघाला, शिवाय ८९ आणि १०७ सुटलेले होते. त्यांचं खापर छापखान्यावर कसं फोडणार?