पिल्लू आईपासून तोडायचं, ते पोट तयार झाल्यावर

गोव्यात घराच्या मागच्या अंगाला एक-दोन डुकरिणी पाळण्याची रीत जुनी आहे. काणकोणकडचं काळं गावठी डुक्कर तर ‘आगोंदा गोवन’ या नावानं देशी जातींच्या राष्ट्रीय यादीत नोंदलं गेलं आहे. अशा घरगुती पालनाचं वर्षाचं गणित एकाच गोष्टीवर ठरतं: जन्मलेल्या पिल्लांपैकी किती जगली आणि दोन महिन्यांनी ती किती वजनाची भरली. पिल्लं दगावतात ती मुख्यतः जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. त्यातून वाचलेली पिल्लं हगवणीनं खंगतात आणि महिनाभर मागे पडतात, ती आईपासून तोडल्यानंतरच्या आठवड्यात. त्या आठवड्यात पिल्लाच्या पोटात काय घडतं ते कळलं, तर बरंचसं नुकसान औषधाशिवाय टळतं.

सुरुवात दुधापासून करावी लागेल. डुकरिणीच्या सडात गाई-म्हशीसारखा दूध साठवायला कप्पा नसतो. पिल्लाला हवं तेव्हा दूध मिळत नाही, आई पान्हा सोडेल तेव्हाच मिळतं. थोडा वेळ गोठ्यात उभं राहिलं की हे स्वच्छ दिसतं. आई कुशीवर पडते आणि संथ लयीत हुंकारायला लागते. पिल्लं धावत येतात, आपापला सड पकडतात, नाकाडानं कासेला ढुशा देत राहतात. मग हुंकार एकदम भरभर होतात आणि पिल्लांची गडबड थांबते. कान मागे, मान ताठ, फक्त गिळण्याचा आवाज. हा पान्हा जेमतेम वीस सेकंद टिकतो. पुढचा तासाभरानं.

‘आपापला सड’ हे अगदी शब्दशः खरं आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत भांडून प्रत्येक पिल्लू एक सड आपला करतं आणि बहुधा शेवटपर्यंत तोच धरून राहतं. पुढच्या सडांना दूध जास्त असतं, तिथे दांडगी पिल्लं बसतात. बारकं मागे ढकललं जातं. एकाच वेतातल्या पिल्लांत दीड महिन्यानं जो मोठा फरक दिसतो, त्याचं एक मूळ इथे आहे. म्हणून दूध तोडायचा दिवस कॅलेंडर बघून ठरवू नये, वजनकाट्यावर ठरवावा. दांडगी पिल्लं आधी काढली की मागे राहिलेल्या बारक्यांना आठवडाभर चांगले सड मिळतात. ही सोपी युक्ती आहे आणि तिला खर्च शून्य आहे.

डुकरिणीची वार, म्हणजे गर्भाला आईशी जोडणारा अवयव, अशी असते, की आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, गर्भातल्या पिल्लापर्यंत पोचत नाहीत. पिल्लू रोगाशी लढायचं काहीही बळ न घेता जन्माला येतं. ते बळ मिळतं चिकातून, आणि आतड्याची दारं त्या प्रतिपिंडांसाठी जेमतेम एक ते दीड दिवस उघडी असतात. पहिल्या सहा तासांत पोटात गेलेला चीक सगळ्यात मोलाचा. ही उसनी प्रतिकारशक्ती पुढच्या आठवड्यांत ओसरत जाते आणि पिल्लाची स्वतःची हळूहळू उभी राहते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उसनी संपत आलेली असते आणि स्वतःची पुरी झालेली नसते. नेमक्या या वेळी पिल्लू तोडणं म्हणजे त्याला सगळ्यात कमकुवत घडीला एकटं पाडणं.

लोहाचंही तसंच. पिल्लाच्या अंगात जन्मतः सुमारे 50 मिलिग्रॅम लोह असतं. रोजची गरज 7 ते 10 मिलिग्रॅमची आणि आईच्या दुधातून मिळतं जेमतेम एक. मोकळ्यावर फिरणारी पिल्लं माती उकरून, चाटून थोडंफार भरून काढतात. सिमेंटच्या कोब्यावर वाढणारी दुसऱ्या आठवड्यात पांढरीफटक पडू लागतात. कोकणातली तांबडी माती लोहानं भरलेली असली, तरी त्यातलं बरंचसं लोह पिल्लाला शोषता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मानेत लोहाचं इंजेक्शन हाच भरवशाचा उपाय. रक्त कमी असलेलं पिल्लू दूध तुटल्याचा धक्का सोसू शकत नाही.

आता पोटाकडे येऊ. नवजात पिल्लाच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर, लॅक्टेज, भरपूर असतं. मका, तांदूळ, गहू यांतलं पिष्ट पचवणारी विकरं फारच थोडी असतात आणि ती दोन-तीन आठवड्यांनंतर वाढायला लागतात. पोटातलं आम्लही सुरुवातीला अपुरं असतं. दूध पिणाऱ्या पिल्लात ही उणीव लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू भरून काढतात: दुधातल्या साखरेपासून ते लॅक्टिक आम्ल करतात आणि पोट आंबट राहतं. दूध अचानक बंद झालं की ही सोय जाते. पोटातलं आम्ल उतरतं, आणि आंबटपणामुळे दबून राहिलेल्या, हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंना रान मोकळं मिळतं.

त्याच वेळी आतड्याची आतली भिंतही ढासळते. या भिंतीवर मखमलीवरच्या लवीसारखे बारीक रसांकुर असतात. अन्नरस त्यांच्यातून शोषला जातो. लवकर तोडलेली काही पिल्लं पहिला पूर्ण दिवस, एखादं तर दोन दिवसही, खाद्याला तोंड लावत नाही. आतड्याला लागणारं बरंचसं पोषण आतून जाणाऱ्या अन्नातून मिळत असल्यानं या उपासानं रसांकुर झिजतात, काही दिवसांत त्यांची उंची निम्म्यावर येऊ शकते. मग भुकेनं व्याकूळ पिल्लू एकदम अधाशासारखं खातं. अर्धवट पचलेलं अन्न मोठ्या आतड्याकडे जातं, जिवाणू त्यावर पोसतात आणि पिवळी, पाण्यासारखी हगवण सुरू होते. पिल्लू बहुतेक वेळा मरतं ते अंगातलं पाणी गेल्यामुळे.

मोठ्या कारखानदारी फार्मवर 21 ते 28 दिवसांत दूध तोडतात, कारण मादी लवकर पुन्हा माजावर आणायची असते. त्याची किंमत औषधांनी चुकवली गेली. युरोपात वर्षानुवर्षं हगवण रोखायला खाद्यात झिंक ऑक्साइड या जस्ताच्या संयुगाची मोठी मात्रा मिसळली जायची. जस्त जमिनीत साचतं म्हणून 2022 मध्ये ती थांबवावी लागली. कोलिस्टिन हे माणसाच्या गंभीर आजारात शेवटचा आधार असलेलं प्रतिजैविकही याच हगवणीसाठी वापरलं गेलं. 2015 मध्ये चीनमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारं आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारं जनुक सापडलं, आणि त्याचा माग लागला तो डुकरांतूनच. भारतानं 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. दोन माद्या पाळणाऱ्यानं या शर्यतीत उतरायचं काहीच कारण नाही. सहा ते आठ आठवडे थांबणं त्याला परवडतं, आणि माझ्या मते तोच त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे. आठाच्या पुढे मात्र रेटू नये. आईचं दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भरात असतं, नंतर उतरतं, आणि मादी हाडं दिसेपर्यंत वाळते.

थांबायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं असं नाही. दहाव्या ते चौदाव्या दिवसापासून आईला पोचता येणार नाही अशा कोपऱ्यात, बांबूची आडकाठी घालून, पिल्लांसाठी चिमूट-चिमूट खाद्य ठेवावं. ती ते आधी हुंगतात, तुडवतात, चघळून टाकतात. तरी चालेल. पिष्ट पोटात जायला लागलं की ते पचवणारी विकरं वाढायला चालना मिळते. उरलेलं रोज काढून ताजं घालायचं. आंबलेल्या खाद्यावर पिल्लू एकदा विटलं की पुन्हा जवळ येत नाही. शेजारी उथळ भांड्यात स्वच्छ पाणी हवंच. दूध पिणाऱ्या पिल्लाला पाणी लागत नाही हा समज चुकीचा आहे.

खाद्य घरी करता येतं. मक्याचा भरडा 60 भाग, सोयाबीनची पेंड 20, गव्हाचा कोंडा 10, सुक्या मासळीची पूड 8, खनिज मिश्रण दीड आणि मीठ अर्धा भाग. यातून साधारण 20 टक्के प्रथिनं मिळतात. मासळी खारवलेली असेल तर वरचं मीठ वगळावं. कच्चं सोयाबीन भरडून घालू नये. त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते भाजल्यावर किंवा शिजवल्यावर निकामी होतात. शेंगदाण्याची पेंड बुरशी आलेली नको, कारण त्या बुरशीचं विष पिल्लाचं यकृत पोखरतं. आणि म्हशीला दूध वाढावं म्हणून घालतात ती सरकीची पेंड पिल्लांच्या वाट्याला मुळीच जाऊ नये. सरकीतलं गॉसिपॉल हे विष रवंथ करणारी मोठी जनावरं बऱ्यापैकी सोसतात, डुकराला ते हृदयावर येतं.

गोव्यात हॉटेलांचं खरकटं स्वस्तात मिळतं, पण नुकत्या तोडलेल्या पिल्लाला ते देऊच नये. तेल, मसाला, मीठ आणि रोज बदलणारा मेनू त्या आतड्याला झेपत नाही. मोठ्या डुकरांना द्यायचं झालं तर ढवळत ढवळत तासभर कडकडीत उकळून. 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात पहिल्यांदा आढळला. त्याचा विषाणू डुकराच्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसात जिवंत राहतो, माणसाला त्रास देत नाही, पण अख्खा कळप संपवतो. खरकट्यातून तो सहज घरात येतो.

प्रत्यक्ष तोडायच्या दिवशी हलवायचं आईला, पिल्लांना नाही. त्यांची जागा, वास, भावंडं, पाण्याचं भांडं सगळं तेच राहू द्यावं. दोन वेतांची पिल्लं त्या आठवड्यात एकत्र करू नयेत, मारामाऱ्या होतात. खच्चीकरण, लस, खाद्यातला बदल यांतलं काहीही त्या आठवड्यात नको. खाद्य तेच, पण दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. दहा किलोचं पिल्लू हळूहळू दिवसाला अर्ध्या किलोपर्यंत जातं. खाली कोरडा पेंढा हवा, विशेषतः पावसाळ्यात. ओल्या जमिनीवर कुडकुडणारं पिल्लू खाल्लेलं सगळं अंग तापवण्यात घालवतं. सकाळी शेडमध्ये गेल्यावर आधी शेपट्यांखाली बघावं. एखादं बरबटलेलं दिसलं तर त्याला लगेच साखर-मिठाचं पाणी सुरू करावं आणि पशुवैद्याला दाखवावं.

इकडे आईचं खाद्य तोडायच्या दिवशी कमी करतात, म्हणजे कास लवकर सुकते. नंतर ते पुन्हा वाढवायचं. चार ते सात दिवसांत ती माजावर येते. तिच्या पाठीच्या कण्यावर हात फिरवून बघावा. मणके हाताला टोचत असतील तर तो माज सोडून द्यावा आणि पुढच्या, 21 दिवसांनंतरच्या माजाला नर दाखवावा.