शासकीय साहित्याची तपासणी व साठानोंद

सरकारी पैशाने विकत घेतलेली वस्तू मोजून, पारखून ताब्यात घेणे आणि साठा नोंदवहीत चढवणे ही प्रक्रिया. पुरवठा आदेश आणि देयक यांच्या मधला हा टप्पा आहे. देयकाच्या पाठीवर ‘साहित्य सुस्थितीत मिळाले, साठा नोंदवही पान क्र. अमुक वर नोंद घेतली’ असा दाखला असल्याखेरीज पैसे निघत नाहीत.

एकट्या सोलापूर जिल्ह्यात या कामाचे नियम वेगवेगळे आहेत. राज्य शासनाची खाती १ डिसेंबर २०१६ च्या खरेदी नियमपुस्तिकेनुसार चालतात, जिल्हा परिषद व पंचायत समित्या १९६८ च्या लेखासंहितेनुसार, तर ग्रामपंचायती २०११ च्या. टपाल, आयकर अशा केंद्रीय कार्यालयांना २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू आहेत. त्यांतील नियम २०८ प्रमाणे आलेला माल मोजावा, मापावा किंवा तोलावा लागतो आणि डोळ्यांखालून घालावा लागतो. जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या खरेदीत आधी तात्पुरती पोच दिली जाते आणि तपासणीसाठी दहा दिवसांची मुदत ठेवून मग स्वीकृती प्रमाणपत्र. घाईत पोचेलाच स्वीकृती समजले जाते, आणि पुढचे बहुतेक वाद तिथूनच निघतात.

नग मोजणे सोपे असते, गुण पारखणे अवघड. सरकारी रुग्णालये आणि वसतिगृहांना लागणाऱ्या चादरी, टॉवेल यांचे हे उदाहरण यंत्रमागांच्या सोलापूर शहरात कुणालाही पटेल. भरपूर खळ दिलेले कापड हाताला जड आणि भरीव लागते. एकदा धुतले की वजन उतरते आणि मापही आटते. म्हणून तपासणीत लांबी-रुंदी आणि वजन यांबरोबर धुतल्यानंतरचे आटणे, रंगाचा पक्केपणा आणि सुताची दाटी पाहावी लागते. पुरवठादाराने निविदेबरोबर दिलेला मोहोरबंद नमुना शेजारी ठेवून तुलना करणे हा जुना उपाय अजूनही चांगला आहे, मात्र तो नमुना भांडारात शाबूत राहिला असेल तर.

काही मालाचा गुण साठवणीतच उतरतो. पाणी शुद्ध करण्यासाठी ग्रामपंचायती घेतात ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असताना तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो; हवा, ओल आणि उष्णता लागली की तो घटत जातो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडलेल्या पोत्यांबद्दल वेगळे सांगायला नको. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायोग्य धरत नाहीत, त्यामुळे नमुना आरोग्य प्रयोगशाळेत तपासून घेतात. आषाढी वारीच्या आधी, पंढरपूर आणि पालखी मार्गावरच्या गावांत, पोत्यांचा आकडा नोंदवहीत जुळणे पुरेसे नाही. खरेदीची तारीख आणि क्लोरीनचा अहवालही तिथे हवा. औषधांचेही तसेच. गट क्रमांक (बॅच नंबर) आणि मुदत लिहिलेली नसेल, तर आधी संपणारे औषध आधी वाटण्याचा नियम पाळता येत नाही.

नोंदवह्या मुख्यतः दोन. ग्रामपंचायतीत उपभोग्य वस्तूंसाठी नमुना १५ आणि जडवस्तू व जंगम मालमत्तेसाठी नमुना १६. कागद, फिनेल, पावडर पहिल्यात. खुर्ची, संगणक, कपाट दुसऱ्यात. जडवस्तूवर रंगाने क्रमांक टाकतात, नाहीतर एका खोलीतली खुर्ची दुसऱ्या खोलीत गेली की शोधाशोध सुरू होते. मागणी करणारा, माल तपासणारा आणि भांडार सांभाळणारा एकच माणूस नसावा, हे तत्त्व सगळ्यांना मान्य आहे. लहान ग्रामपंचायतीत मात्र तिन्ही कामे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेच (पूर्वीचा ग्रामसेवक) येतात आणि तिथे तपासणी म्हणजे बहुधा सहीच.

केंद्रीय नियमांनुसार वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करायची, तीही साठा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या समोर. तूट किंवा वाढ दोन्ही लिहायच्या. वाढ आढळणेही तितकेच संशयास्पद, कारण आधीची कुठली तरी नोंद चुकलेली असते. निकामी वस्तू सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने निर्लेखित होतात, म्हणजे नोंदवहीतून कमी केल्या जातात, मग लिलाव होतो आणि लिलावाची रक्कम शासनाच्या खात्यात भरली जाते. तो आदेश मिळेपर्यंत मोडकी कपाटे व्हरांड्यात जागा अडवून असतात. फेकता येत नाहीत, कारण नोंदवहीत ती अजून शिल्लक आहेत.