मूळ प्रत सर्व्हरवर, प्रोग्रॅम ज्याच्या त्याच्या मशीनवर
सांगली, मिरज आणि कुपवाडच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हळदीच्या एका हंगामात मार्केट यार्डातल्या एका पेढीवर एकाच दिवशी दोन तऱ्हेच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशेब) निघाल्या. हमाली पोत्यावर न धरता वजनावर धरणारी आमच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आम्ही सहापैकी पाच मशीनवर टाकली होती. सहावं मशीन माळ्यावरच्या खोलीत होतं. खोलीला कुलूप, किल्ली दिवाणजींच्या खिशात आणि दिवाणजी लग्नाला तासगावात. ते मशीन "उद्या करू" म्हणून राहिलं. दुसऱ्या दिवशी दोघा शेतकरी भावांनी चहाच्या गाड्यावर आपापल्या पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या आणि पेढीवर आले. शेठनी फरक खिशातून भागवला. चूक आमची होती.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. ज्यांच्याकडे चार किंवा जास्त मशीन आहेत, त्यांच्याकडे आता पेन ड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलावर फिरणं बंद. नवी आवृत्ती आम्ही फक्त सर्व्हरवर, म्हणजे सगळी मशीन ज्याला जोडलेली असतात त्या मुख्य संगणकावर, ठेवतो आणि प्रत्येक मशीन ती तिथून स्वतः उचलतं. हे कसं चालतं आणि त्यासाठी तुमच्याकडून काय लागतं, ते या पत्रकात आहे.

काय कुठे असतं

तुमच्या नोंदी, म्हणजे खातेदार, आवक, पट्ट्या, येणी-देणी, पहिल्यापासून सर्व्हरवरच आहेत आणि तिथेच राहतील. प्रोग्रॅम प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर असेल. सर्व्हरवर प्रोग्रॅमची मूळ प्रत एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असते, त्याला आम्ही 'वाटप' म्हणतो. मशीनवरून त्याचा पत्ता असा दिसतो: \\सर्व्हर\वाटप

सर्व्हर म्हटलं की महागडं कपाट डोळ्यासमोर आणू नका. आठ-दहा मशीनच्या पेढीला चांगल्या डिस्कचा साधा संगणकही पुरतो. मर्यादा एकच: साधं विंडोज 10 किंवा 11 एका वेळी वीसपेक्षा जास्त जोडण्या घेत नाही. त्यापुढे गेलात तर सर्व्हरसाठीचं विंडोज घ्यावं लागेल. हे आम्ही आधीच सांगतो, कारण एकविसाव्या मशीनला दार उघडेनासं झालं की फोन आम्हालाच येतो.

"सगळे थेट सर्व्हरवरूनच चालवू की"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि प्रश्न रास्त आहे. प्रोग्रॅम सर्व्हरवर आहे, डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट ठेवला की झालं. कॉपी करायची भानगडच कशाला? आम्हीही काही वर्षं असंच करून देत होतो. आता देत नाही.

पहिलं कारण आहे विंडोजची काम करण्याची रीत. प्रोग्रॅम सुरू केला म्हणजे त्याची अख्खी फाइल मेमरीत येत नाही. लागेल तसं एकेक पान, म्हणजे फाइलचा छोटा तुकडा, फाइलमधून काढलं जातं. फाइल आपल्याच डिस्कवर असली तर हे कळतही नाही. ती सर्व्हरवर असेल तर प्रत्येक पान तारेवरून येतं, आणि नेमकं पान हवं असताना तार तुटली की प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडतो. अर्धवट भरलेली पट्टी गेली. आपल्याकडे हे कसं घडतं? लाईट क्षणभर जाते. संगणक यूपीएसवर असल्याने चालू राहतात, पण सगळ्या मशीनच्या तारा जोडणारा भिंतीवरचा छोटा नेटवर्क स्विच थेट प्लगवर असतो. तो बंद होऊन परत सुरू व्हायला अर्धा मिनिट घेतो आणि तेवढ्यात सगळ्या टेबलांवरून "गेलं, गेलं" सुरू होतं. प्रोग्रॅम मशीनवर असला तर तो निदान उभा राहतो, "सर्व्हरशी संपर्क नाही, थांबा" म्हणतो आणि जोडणी आली की पुढे चालतो. (स्विचलाही यूपीएसवर घ्या. दोन मिनिटांचं काम आहे आणि तरी शंभरातल्या नव्वद ठिकाणी राहिलेलं असतं.)

दुसरं कारण आमच्या सोयीचं आहे, पण भोगता तुम्ही. एखाद्या मशीनवर प्रोग्रॅम सर्व्हरवरून चालू असेल तर ती फाइल अडकून राहते आणि तिच्यावर नवी फाइल टाकता येत नाही. मग "सगळ्यांनी जरा बाहेर पडा" अशी आरोळी मारावी लागते. सौदा चालू असताना कोण बाहेर पडणार?

तिसरं कारण वेग. 100 मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात. आठ मशीननी सकाळी दहा वाजता एकदम 180 मेगाबाइटचा प्रोग्रॅम मागितला तर सर्व्हरच्या एका तारेतून 1440 मेगाबाइट निघायला हवेत, म्हणजे जवळपास दोन मिनिटं, आणि हे रोज. आमच्या पद्धतीत हा भार फक्त नवी आवृत्ती आली त्या दिवशी पडतो. गिगाबिट स्विच असेल तर हिशेब दहापटीने हलका होतो. मात्र गिगाबिटला तारेतल्या चारही जोड्या लागतात आणि 100 मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे कनेक्टर बसवताना एक जोडी नीट बसली नाही तरी नेटवर्क "चालतं", फक्त गुपचूप दहापट हळू. नवा स्विच घेऊनही फरक पडला नाही, अशी तक्रार आली की आम्ही आधी तारेची टोकंच बघतो.

नवी आवृत्ती कशी पोहोचते

'वाटप' फोल्डरमध्ये प्रत्येक आवृत्तीचा वेगळा फोल्डर असतो. जुन्यावर नवं कधीच चढवत नाही. शेजारी एक छोटी फाइल असते, तिच्यात एवढंच लिहिलेलं असतं की चालू आवृत्ती कोणती. तुमच्या डेस्कटॉपवरचं चित्र आता थेट प्रोग्रॅम उघडत नाही, ते एका छोट्या राखणदाराला उठवतं. राखणदार सर्व्हरवरचा आकडा वाचतो आणि आपल्या मशीनवरच्या आकड्याशी ताडतो. सारखा असेल तर लगेच प्रोग्रॅम सुरू. वेगळा असेल तर नवा फोल्डर उतरवून घेतो, सगळ्या फाइली नीट आल्या का ते तपासतो आणि मग सुरू करतो. उतरवणं अर्ध्यात तुटलं तर जुना फोल्डर तसाच शाबूत असतो.

याचा मोठा फायदा परत फिरताना होतो. नव्या आवृत्तीत खोट निघाली तर आम्ही त्या छोट्या फाइलमधला आकडा मागे घेतो. पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडला की सगळे जुन्यावर. अपवाद एकच: नोंदींची रचनाच बदलली असेल तर असं मागे येता येत नाही. तशा बदलाच्या आधी आम्ही बॅकअप घेतो आणि सर्व्हरवर "यापेक्षा जुन्याला आत घेऊ नका" अशी खूण ठेवतो. त्यामुळे माळ्यावरचं कुलूपबंद मशीन दोन महिन्यांनी उघडलं तरी जुन्या हिशेबाने पट्टी काढू शकणार नाही. आधी अपडेट होईल, नाहीतर दारातच थांबेल.

शितावरून भाताची परीक्षा इथे पुरती लागू पडत नाही. एका मशीनवर चाललं म्हणून सगळीकडे चालेलच असं नाही, कारण प्रत्येकाचा प्रिंटर वेगळा. म्हणून नवी आवृत्ती आधी तुम्ही नेमून दिलेल्या दोन मशीनना मिळते, त्यातलं एक पट्टी छापणारं हवंच. दोन दिवस कुरकुर नसेल तर बाकीच्यांना.

फाँटचं वेगळं सांगायला हवं. जुन्या पद्धतीचा, युनिकोड नसलेला मराठी फाँट ज्या मशीनवर नाही, तिथे पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला छापला जातो. हा फाँट राखणदार आणत नाही. तो आम्ही पहिल्या भेटीतच प्रत्येक मशीनवर टाकतो. नवं मशीन परस्पर घेऊन जोडलंत तर कळवा.

वाचायला सगळ्यांना, लिहायला एकाला

'वाटप' फोल्डर सगळ्यांना वाचता येईल, पण त्यात लिहिता कुणालाच येणार नाही. अपवाद एका खात्याचा, आणि त्याचा पासवर्ड शेठ आणि आम्ही एवढ्यांकडेच. "सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाका, कटकट नको" असा आग्रह होतो. तो आम्ही मोडून काढतो. खंडणी मागणारा व्हायरस एका मशीनवर शिरला की तिथून जिथे जिथे लिहिता येतं तिथल्या फाइली कुलूपबंद करतो. सगळ्यांना लिहिता येणारा फोल्डर म्हणजे त्याला दिलेलं आमंत्रण. शिवाय मूळ प्रतीतच कुणी भलती फाइल टाकली तर आमचा राखणदार ती इमानाने प्रत्येक मशीनवर पोहोचवेल!

जुन्या विंडोज एक्सपी मशीनसाठी एसएमबी 1 (नेटवर्कवर फोल्डर वाटून घेण्याची विंडोजची जुनी पद्धत) चालू करून द्या, हे मागणंही आम्ही नाकारतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या दारातून. मायक्रोसॉफ्टने त्या दाराची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण अनेकांनी ती टाकली नव्हती. तेव्हापासून नव्या विंडोजमध्ये ते दार मुळातच बंद येतं. ते बंदच बरं.

नवा लॅपटॉप आणला आणि तो सर्व्हरचा फोल्डर उघडतच नाही, असं झालं तर लॅपटॉप परत करायला धावू नका. विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीपासून पासवर्डशिवायची 'पाहुणा' जोडणी सुरुवातीपासून बंद असते. प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड दिला की प्रश्न मिटतो.

वीसच्या वर मशीन असतील तर

मिरजेतली रुग्णालयं, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने यांच्याकडे बहुधा डोमेन असतं, म्हणजे सगळी मशीन आणि माणसांची खाती एका सर्व्हरवरून सांभाळण्याची विंडोजची सोय. तिथे राखणदाराची गरज नाही. विंडोजचीच सोय वापरून प्रोग्रॅम मशीनला नेमून देता येतो आणि तो लॉगिनच्या आधी, मशीन सुरू होतानाच बसतो. त्या वेळी फोल्डर वाचणारा माणूस नसतो, मशीन स्वतः असतं. त्यामुळे वाचायची परवानगी माणसांना देऊन भागत नाही, मशीनच्या खात्यांनाही द्यावी लागते. आयटीवाले बहुतेक वेळा इथेच अडकतात. दुसरं, 'शट डाउन' करून परत सुरू केल्यास विंडोज पुरतं बंद झालेलं नसतं, म्हणून 'रीस्टार्ट'च करा, कधी कधी दोनदा. आणि विंडोज होम आवृत्ती डोमेनमध्ये जातच नाही. लॅपटॉप स्वस्तात मिळाला म्हणून वीस नग उचलण्याआधी विचारा.

तुमच्याकडून एवढं लागेल

सर्व्हरचं नाव बदलू नका. प्रत्येक मशीन त्याला नावाने ओळखतं. नावाऐवजी आकडे-टिंबांचा पत्ता वापरला तर विंडोज त्या फाइलला बाहेरची समजतं आणि दर वेळी "उघडू का?" विचारत बसतं.

कुणी सर्व्हरचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडून काम करत असेल तर करू द्या, पण 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' निवडलं की तो झेड बहुधा गायब होतो. ड्राइव्ह बिघडलेला नाही. विंडोज त्या वेळी तुम्हाला दुसरा माणूस समजतं. म्हणूनच आम्ही सगळीकडे पूर्ण पत्ता वापरतो.

सर्व्हर रात्री बंद करायला हरकत नाही, मात्र सकाळी सगळ्यात आधी तोच सुरू करा. आणि तो वरच्या मजल्यावर ठेवा. 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, हे गावभागात आणि गणपती पेठेत कुणाला सांगायला नको. पाणी चढू लागलं की आधी पोती हलतात, मग तिजोरी, आणि टेबलाखालचा डबा शेवटी आठवतो.

मशीन वाढवलंत तर परवान्यांची संख्याही वाढते. राखणदार दहाव्या मशीनवर प्रोग्रॅम उतरवेल, पण नऊचाच परवाना असेल तर लॉगिन होणार नाही.

पहिल्या मांडणीला एक संध्याकाळ लागते, साधारण सहा ते नऊ. आम्ही येण्याआधी सगळी मशीन चालू आणि सगळ्या खोल्या उघड्या ठेवा. माळ्यावरचीसुद्धा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही कुणाकडेही नवी आवृत्ती टाकत नाही, शेठनी स्वतः फोन केला तरी. आमचा नंबर बिलाच्या मागे छापलेला आहे.